जैनीची सून

“मुलीचं नाव सांगा, आजी,” वैरागडे मॅडम पुन्हा एकदा म्हणाल्या.

सोमीबाईने टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत पेल्याकडे. तोंड काही उघडलं नाही.

“तुमच्या मुलाची मुलगी म्हणता ना ही?”

“हो जी. माजा पोरगा झाडावरून पडून मेला. त्याचीच पोर.”

“आणि हिची आई?”

“दुसरं घर केलं तिनं. तेलंगणात गेली. पोर घरची होय, घरीच राह्यली.”

“ठीक. मग नातीचं नाव काय?”

पुन्हा तेच. तोंडाला कुलूप.

शेजारी बसलेले बोरकुटे वकील खुर्चीत सरळ झाले. बालकल्याण समितीतले ते सगळ्यात शिस्तीचे सदस्य. माणूस वाईट मुळीच नव्हता. एका हरवलेल्या पोराच्या बापाला शोधायला स्वतःच्या खर्चाने रायपूरला जाऊन आलेला माणूस. पण नियम म्हणजे नियम.

“मॅडम, सख्ख्या आजीला नातीचं नाव सांगता येत नाही, हे मी तरी पहिल्यांदाच बघतोय,” ते म्हणाले. “नात्याचा पुरावा नाही, कागद नाही, गावाकडून चौकशीचं उत्तर नाही. मुलीला उद्या सकाळी नागपूरच्या बालगृहात पाठवू. इथे तिच्या वयाच्या मुलींची नीट सोय नाही.”

बाकीचं बोलणं सोमीबाईला कितपत समजलं कोण जाणे, पण ‘नागपूर’ हा शब्द तिला कळला. तिने दोन्ही हात पदराखाली घट्ट आवळले.

आणि माझा पारा चढला. बोरकुट्यांवर नव्हे, तिच्यावर! अगं बाई, एक नाव! एक नाव सांग आणि पोर घेऊन घरी जा!

मी तेव्हा जिल्हा बाल संरक्षण कक्षात नव्यानेच लागले होते. हे प्रकरण माझ्याकडे होतं. नाकावर राग ही आमची घरची मिळकत, ती मला भरपूर मिळाली आहे. त्यात ऑफिसात येता-जाता ऐकावं लागे, “सिडाम, तुम्ही त्यांच्यातल्याच ना? विचारा की तुमच्या भाषेत.” आता मी गोंड हे खरं, पण राजुऱ्यात वाढलेली. वडील पोस्टात, घरात मराठी. गोंडी मला येत होती ती आई रागावल्यावर जेवढी बोलायची तेवढीच. सोमीबाईच्या, म्हणजे नदीपलीकडच्या माडिया लोकांची बोली त्याहून निराळी. कोल्हापूरच्या माणसाला कोकणी येत असेल असं कोणी धरत नाही, पण सिडाम आडनाव असलं की जंगलातली प्रत्येक भाषा पाठ असलीच पाहिजे. हे बोलून दाखवण्याची सोय नव्हती, म्हणून मी टेबलं आपटत असे.

प्रकरण सुरू झालं होतं ते सरकारी दवाखान्यात. पोरीला ताप भरला म्हणून सोमीबाई तिला पाठीशी बांधून नदी ओलांडून आली, मग जीप, मग एसटी. ताप उतरला, पोर उठून बसली, आणि वॉर्डातल्या बायकांच्या लक्षात यायला लागलं की इथे काहीतरी विचित्र आहे. म्हातारी रोज सकाळी पोरीच्या पाया पडते. दिवसभर पोर खाटेवर आणि ही खाली फरशीवर, खाटेला टेकतसुद्धा नाही. पोर जेवल्याशिवाय तोंडात घास घालत नाही. आणि एकदाही तिला नावाने हाक मारत नाही. कोणी म्हणालं पळवून आणली असेल. कोणी म्हणालं, पोरीच्या अंगात देवी आणून पैसे मिळवायचा धंदा दिसतो. मग त्यातल्या एका बाईंनी मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. त्या बाईंनाही मी दोष देत नाही. परक्याच्या पोरीची काळजी वाटून फोन करणारी माणसं तशी कमीच.

पोरीला जिल्ह्याच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात तात्पुरतं ठेवलं. सोमीबाईने फाटकाबाहेर ठाण मांडलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फाटकाच्या आतून ती सहा वर्षांची काटकुळी पोर कमरेवर हात ठेवून म्हातारीला रागावत होती. खाल्लंस का, अंगावर घेतलंस का, इथे थंडीत का बसलीस, एवढं मला समजलं. म्हातारी मान खाली घालून “हो, हो” करत होती. मला हसू आलं आणि जरा भीतीही वाटली.

त्या दिवशी सुनावणीत पोरीलाही आत बोलावलं. अंगणवाडीत जात असल्यामुळे तिला थोडी मराठी येत होती.

“तुझं नाव काय बाळ?” मॅडमनी विचारलं.

“जैनी.”

“जैनी. छान. आणि ही कोण तुझी?”

जैनीने सोमीबाईकडे बघितलं. असला सोपा प्रश्न कोणी विचारतं का, असा तिचा चेहरा होता.

“माजी सून.”

सगळे हसलो. बोरकुटेही हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात विचारलं, “असं म्हणायला तुला कोणी शिकवलं?”

“कोनी नाई. सूनच होय. भात चांगला नाई रांधत.”

पुन्हा हशा झाला. फक्त सोमीबाई हसली नाही. चारचौघांत सासूने स्वयंपाकाला नावं ठेवल्यावर बाईमाणूस जसं ओशाळतं, तशी ती खरोखर ओशाळली होती. मी ते बघितलं, आणि बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पोरीला बाहेर नेल्यावर बोरकुटे म्हणाले, “आता हसण्यासारखं राहिलं नाही, मॅडम. मुलीच्या मनात काहीतरी भरवलंय. म्हातारी पाया पडते, मुलगी तिला सून म्हणते, नाव विचारलं तर गप्प. मला यात अघोरी वास येतोय.”

वैरागडे मॅडम समितीच्या अध्यक्ष होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे घाई करणाऱ्यांकडे बघण्याची त्यांची एक खास नजर होती. ती त्यांनी बोरकुट्यांना दिली, पण बोलल्या मात्र त्यांच्याच बाजूचं. “जेवणाच्या सुट्टीनंतर निर्णय देऊ. ललिता, तोवर बाईंशी बोल. नातं पटेल असं काहीतरी आण. नाहीतर मला उद्याची गाडी सांगावी लागेल.”

मी सोमीबाईला घेऊन कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. चहा घेतला, तिच्या हातात दिला, आणि सुरूच झाले. “सोमीबाई, नाव सांगायला काय जातं तुमचं? पोर स्वतः सांगते जैनी म्हणून. तुम्ही फक्त हो म्हणा. तोंडाने एकदा म्हणा. उद्या ती नागपूरला गेली तर परत कधी यायची? कळतंय का तुम्हाला?”

“कळते जी.” तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “तिकडं तिच्या बोलीचं कोनी नाई. ताप आला तं कोनाले सांगन? मी इथंच मरून जाईन.”

“मग सांगा ना!”

“तुमी घ्या नं नाव. मी कसा घेऊ?”

“का नाही?”

तिने चहा खाली ठेवला. मग म्हणाली, “दवाखान्यात सांगतलं होतं. हासले सारे. एक जन म्हने, जादूटोना करते का म्हातारे? पोलिसात देईन म्हने. आता नाई सांगत.”

मी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. माझ्या मराठीने ती बुजतेय आणि गोंडी माझी अपुरी पडतेय, म्हणूनच ती सांगत नाही असं मला वाटलं, आणि मी राजुऱ्याला आईला फोन लावला. निदान प्रश्न तरी नीट कसा विचारायचा ते आई सांगेल.

आई ऐकून घेण्याआधी नेहमी विचारते तेच तिने विचारलं. “जेवलीस का?”

“आई, ऐक. इथे एक म्हातारी आहे. नातीचं नाव घेत नाही. तिला गोंडीत कसं विचारू, की बाई गं, नाव का घेत नाहीस?”

“कोनाचं नाव?”

“नातीचं. सहा वर्षांची आहे. आणि वर ती चिमुरडी म्हणते, ही माझी सून आहे. म्हातारी तिच्या पाया पडते.”

पलीकडे आई जी हसत सुटली, की मी फोन कानापासून लांब धरला.

“अगं, हसतेस काय? उद्या पोर नागपूरला चाललीये!”

“मग हासू नाही तं काय करू? तू एवढी शिकली, सरकारी नोकरीत लागली. बाई, मी तुझ्या भावाले कधी नावानं हाक मारली का?”

मी विचार करायला लागले. माझा धाकटा भाऊ. त्याचं नाव आजोबांचं, यादवराव. सगळे त्याला यादव म्हणत, मी तर यादव्या म्हणे. आई? आई म्हणायची, “अवो, ऐकता का? जेवायले या.” स्वतःच्या पोटच्या पोराला अहोजाहो. पहिली भाकर त्याला, पाट त्याला, तो घरात आला की आई बसल्या जागेवरून उठून उभी. मी लहानपणापासून यावरून किती भांडले असेन. मुलगा म्हणून डोक्यावर बसवलाय, मी काय रस्त्यावर सापडले होते का, असं म्हणून मी दोन-दोन दिवस अबोला धरायचे.

“आई, म्हणजे तू त्याला...”

“मामाजी होत ते माझे. तुझे आजोबा. गेले आणि वर्ष सरायच्या आत माझ्या पोटी परत आले. सासऱ्याचं नाव घेऊ का मी? तुले सांगतलं होतं लहानपनी. तू कुठं कोनाचं ऐकते!”

“मला वाटायचं तो तुझा लाडका आहे.”

“लाडका?” आई परत हसायला लागली. “माय वो! कडक सासरा होता तो. आता पोराले मारता येत नाही नं शिव्या देता येत नाहीत. लाडकी तं तूच होती. तुले किती बदडलं मी!”

भर रस्त्यात, टपरीवाल्यासमोर मला रडू आलं. हसूही येत होतं. असं दोन्ही एकदम आलं की नाक फार गळतं. ओढणीने पुसत मी सोमीबाईकडे वळले आणि या खेपेला मी ओरडले नाही.

“सोमीबाई, तुमची सासू परत आली ना?”

तिने एकदम वर बघितलं.

“त्यांचं नाव मी घेऊ का? जैनी?”

तिने पदर डोक्यावर ओढला, कपाळापर्यंत, आणि मान हलवली. हो.

मग तिला सांगायला वेळ लागला नाही. पोर जन्मली तेव्हा आईचं दूधच घेईना. रडून रडून निळी पडली. तेव्हा घरच्या जाणत्यांनी, जे गेले त्यांची नावं एकेक करून घेतली. आजोबाचं घेतलं, काकाचं घेतलं, काही नाही. म्हाताऱ्या सासूचं नाव घेतलं आणि पोरीने गपकन दूध धरलं. “मी पानी आनायले गेली होती,” सोमीबाई म्हणाली. “घरी आली तं सारे म्हनतेत, सोमी, तुजी सासू आली. मी बाहेरच उभी राह्यली जी. भेव वाटलं.”

सुट्टीनंतर मी समितीपुढे उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं, आईच्या फोनसकट. सांगताना मला सारखं वाटत होतं की आता हे हसणार, आणि हसले तर मी काहीतरी फेकून मारीन. तो पेला जवळच होता.

हसलं कोणीच नाही. वैरागडे मॅडम सोमीबाईकडे बघत होत्या.

“आमच्या सासूबाई जाऊन किती वर्षं झाली,” त्या म्हणाल्या, “पण त्यांचं नाव अजून माझ्या तोंडून निघत नाही. आमच्या गल्लीत त्याच नावाची एक भाजीवाली आहे. तिला मी ‘अहो वांगीवाल्या बाई’ म्हणून हाक मारते. आणि या बाईंकडे मी सकाळपासून तेच मागत बसलेय होय?”

“मॅडम, मान्य आहे,” बोरकुटे म्हणाले. त्यांचा आवाज मघापेक्षा मऊ होता. “पण ही गोष्ट कुणीही रचून सांगू शकतं. माझ्यावर रागावू नका, सिडाम. खोटं निघालं तर पोर आपण आपल्या हाताने भलत्याच्या स्वाधीन केलेली असेल. मला रात्री झोप लागायची नाही.”

“मग चला ना गावात,” मॅडम म्हणाल्या. “तिथे बघू.”

“ऑफिसची गाडी बंद आहे.”

“माझ्या जावयाची आहे.”

दुसऱ्या दिवशी ज्या सकाळी जैनी नागपूरला जायची होती, त्या सकाळी ती वैरागडे मॅडमच्या मांडीवर बसून उलट्या दिशेला निघाली. सोमीबाई काही केल्या तिच्या शेजारच्या सीटवर बसेना. सासूच्या बरोबरीने कशी बसणार? शेवटी ती मागे खाली सामानाशेजारी, माझ्या पायांशी बसली. अर्ध्या वाटेत पोर तिच्यावर खेकसली, आणि तिने मुकाट्याने माझी शाल अंगावर घेतली.

नदीपर्यंत रस्ता होता. पुढे डोंग्यातून पलीकडे आणि मग पायी. बोरकुट्यांचे बूट चिखलात रुतत होते, तरी ते खूश दिसत होते. “इथे मोबाइलला रेंज नाही,” ते मला म्हणाले. “म्हणजे आपण येतोय हे गावात कोणाला ठाऊक नाही. कोणाला पढवून ठेवलेलं नसणार. हे बरं झालं.”

सोमीबाईचं गाव मरकेगुडा म्हणजे पंचवीस-तीस घरं. धानाची मळणी चालली होती. गावाच्या तोंडाशीच खळं होतं आणि एक पन्नाशी उलटलेला, पिळदार अंगाचा माणूस धानावरून बैल फिरवत होता. त्याने आम्हाला बघितलं. मग जैनीला बघितलं. हातातला कासरा टाकला आणि धूम पळाला तो थेट तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या ढिगाऱ्यामागे.

“अरे! थांब!” बोरकुटे ओरडले. “ओ! पळता कशाला?” आणि वकीलसाहेब बुटांसकट त्याच्यामागे धावले. बैल आपले फिरतच राहिले.

पोरीला बघून पळणारा माणूस! म्हणजे बोरकुट्यांचंच खरं होतं की काय? या गावात या पोरीला कोणी काही केलं होतं की काय? मॅडमनी जैनीचा हात घट्ट धरला.

तणसामागून त्या माणसाचा काकुळतीचा आवाज आला. “साहेब, पाया पडतो! तिले तिकडं न्या आदी!”

“का? काय केलंयस तू तिला?”

“मी काय करन जी? सासू होय माजी! तोंडापुढं कसा येऊ?”

बोरकुटे होते तिथेच उभे राहिले. त्यांना दम लागला होता. त्यांनी ढिगाऱ्याकडे बघितलं, मग जैनीकडे. जैनीने त्या दिशेला पाठ करून तोंड फिरवलं होतं, जावयासमोर सासू जशी अंग चोरून उभी राहते तशी. सहा वर्षांची, नाक वाहणारी सासू.

मग गाव गोळा झालं. दात पडलेला एक म्हातारा काठी टेकत आला आणि जैनीपुढे वाकून म्हणाला, “काय वहिनी? शहर पाहून आली? देरासाठी तंबाखू नाई आनली?” जैनी फणकाऱ्याने म्हणाली, “तुले खोकला हाये.” सगळे खदखदा हसले. मी बोरकुट्यांना जमेल तसं सांगत होते, की हा जुन्या जैनीचा धाकटा दीर आणि तो तणसामागचा तिचा जावई. पण सांगायची गरज उरली नव्हती. आम्ही कोणालाही काहीही विचारलं नव्हतं आणि तरी जो तो आपापल्या जागेवरून, आपापल्या नात्याने पुढे येत होता. त्या नात्यांत सोमीबाई कुठे बसते हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मग चिन्नी आली. त्या लपलेल्या जावयाची बायको, म्हणजे जुन्या जैनीची मुलगी, सोमीबाईची नणंद. पन्नाशीची, दणकट बाई. पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली, पोरीला उचलून छातीशी धरलं आणि मोठ्याने रडायला लागली. पोरीच्या बरगड्या चाचपून बघत होती आणि सोमीबाईवर ओरडत होती, की कुठे नेऊन ठेवली होती, किती वाळली माझी माय. सोमीबाईही रडत होती. वैरागडे मॅडम काही कळत नसताना डोळे पुसत होत्या.

बोरकुट्यांनी सगळं शांत होऊ दिलं. मग ते एका खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, “बाई, नातं पटलं मला. आता माझं कुठलंच म्हणणं नाही. पण एक विचारतो, रागावू नका. ही सोमीबाई म्हातारी झाली. उद्या तिला काही झालं, तर या पोरीला ना बाप, ना आई. तेव्हा हिला कोण बघणार?”

मी ते चिन्नीला सांगितलं. तिला प्रश्नच समजला नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिने आधी माझ्याकडे, मग बोरकुट्यांकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, कीव होती थोडी.

“साहेब,” ती मराठीत म्हणाली, “आमी तिची लेकरं होवो. मायले कोन टाकते?”

बोरकुटे मॅडमकडे वळले आणि म्हणाले, “द्या मॅडम आदेश. इथेच द्या.” मॅडमनी दिला. मुलगी सोमीबाईच्या ताब्यात, तिच्यानंतर चिन्नीच्या. अंगणवाडी सोडायची नाही, तापाचं औषध पुरं घ्यायचं, आणि चौकशी करायची असेल तर आमचा माणूस इथे येईल, या लोकांना जिल्ह्याला बोलवायचं नाही. मी ते सोमीबाईला सांगितलं. ती ऐकत राहिली, मग खाली बसली, मातीत, पाय पसरून. माझा जीव भांड्यात पडला आणि मीसुद्धा तिच्याशेजारी तशीच बसले. कितीतरी दिवसांनी मला कोणावरही ओरडावंसं वाटत नव्हतं.

जेवण झालं. जैनी पोरांमध्ये खेळायला पळाली होती. निघायच्या आधी वैरागडे मॅडम सोमीबाईजवळ जाऊन बसल्या आणि एक सून दुसऱ्या सुनेला विचारते तशा आवाजात त्यांनी विचारलं, “कशी होती हो तुमची सासू?”

सोमीबाईने आधी मान वळवून पोर लांब आहे ना ते बघितलं.

“लई खट होती जी,” ती कुजबुजली. “मी नवी होती, तं चुलीतलं लाकूड घेऊन मांगं लागे. सारं गाव पाहे. मरतानाबी मले शिव्या देऊन गेली.”

“आणि आता?”

सोमीबाईचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू फुलत गेला. “आता? आता माज्या कुशीत आल्याबिगर झोपच नाई येत तिले.”

तेवढ्यात घराच्या मागून जैनीची हाक आली, चांगली खणखणीत, रागाची. सोमीबाई झटकन उठली. “आली जी, आली!” म्हणत तिने पदर डोक्यावर घेतला आणि हसत हसत धावत सुटली.